ताण आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचा फ्लेअर: 'टेन्शन घेऊ नका' याच्या पुढचं काही

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

पोटाच्या तक्रारींच्या धाग्यावर यूसीचा (अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याच्या अस्तराला वारंवार सूज येण्याचा आजार) विषय निघाला की दोन-चार प्रतिसादांत 'टेन्शन घेऊ नका, आपोआप बरं वाटेल' हे येतंच. आजारी माणसाला हा सल्ला महागात पडतो. आजार आपल्याच स्वभावामुळे जडला असं डोक्यात बसतं, आणि रक्त पडायला लागल्यावर महिनाभर प्राणायाम करण्यात तपासणी राहून जाते. म्हणून वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ताणामुळे यूसी जडतो हे पक्कं दाखवता आलेलं नाही. असलेला यूसी लांबलेल्या ताणाने उसळू शकतो, याला मात्र बरा पुरावा आहे. आणि तरीही प्रत्येक फ्लेअरमध्ये (आजार उसळतो तेव्हा) ताण हा शेवटचा संशयित धरावा. आधी बुडालेल्या गोळ्या, वेदनाशामकं (ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारखी) आणि संसर्ग हे तिघे तपासायचे.

हा गैरसमज आला कुठून? फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने १९५० मध्ये मनातून उद्भवणाऱ्या सात आजारांत यूसी घातला. दमा आणि संधिवातही त्याच यादीत होते. १९९० मध्ये जुन्या अभ्यासांची छाननी झाली तेव्हा बहुतेकांत तुलनेचा गटच नव्हता असं निघालं. जिथे नीट तुलना होती तिथे मानसिक कारणाशी संबंध सापडला नाही. पण हा 'आजार कशाने होतो' याचा निकाल. 'असलेला आजार कशाने उसळतो' हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर वेगळ्या प्रकारच्या अभ्यासांतून आलं.

रोममध्ये रेमिशनमधल्या (आजार शांत असलेल्या) ६२ रुग्णांवर पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं (निष्कर्ष २००० सालचे). मागच्या दोन वर्षांतला ताण ज्यांना सर्वाधिक जाणवत होता, त्यांचा फ्लेअरचा धोका साधारण तिप्पट होता. नुकत्याच आलेल्या थोड्या दिवसांच्या ताणाचा तसा संबंध दिसला नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर ईशान्य जपानमधल्या रुग्णांचं पाहिलं तर पुढच्या दोन महिन्यांत यूसीचे फ्लेअर आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा वाढलेले होते. क्रोन्स या आतड्याच्याच दुसऱ्या दाहाच्या आजाराचे वाढले नव्हते. तिथेही घरातलं माणूस जाणं याच्या जोडीला खाण्यापिण्यातला बदल हा घटक दिसलाच.

शरीरात काय घडतं? लंडनमध्ये रेमिशनमधल्या रुग्णांना ५० मिनिटांची बुद्ध्यांक चाचणी द्यायला लावली. तेवढ्यानेही रक्तातले आणि गुदाशयाच्या अस्तरातले दाहाचे काही निर्देशक वाढले. २०२३ मध्ये 'सेल' या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने पुढची साखळी मुख्यतः उंदरांत दाखवली. ताण लांबला की ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरकं चढी राहतात, आतड्याच्या मज्जासंस्थेतल्या ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशी बदलतात, त्या दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. गंमत अशी की हेच संप्रेरक थोड्या काळासाठी दाह कमी करतं, म्हणून तर फ्लेअरमध्ये स्टेरॉइड देतात. मुलाखतीच्या सकाळची घाई आणि सहा महिने चाललेली छळवणूक यांत फरक का पडतो, ते इथे कळतं.

---

तिखटमीठ

लेख उत्तम, पण एक शंका. जपानचे शिंझो आबे यूसीमुळे दोनदा पंतप्रधानपदावरून गेले ना? एवढ्या मोठ्या ताणाचं उदाहरण समोर असताना ताण 'शेवटचा संशयित' कसा?

---

सूक्ष्मदर्शी

उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. आबे २००७ मध्ये वर्षभरातच पायउतार झाले. पुढे जपानमध्ये मेसालामाइनचं (यूसीतल्या दाहावरचं नेहमीचं औषध) 'असाकोल' हे नवं औषध आलं. त्याने तब्येत ताब्यात आली असं ते स्वतः सांगत. डिसेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि पावणेआठ वर्षं राहिले. पदाचा ताण काही कमी झाला नव्हता. २०२० च्या उन्हाळ्यात आजार परत उसळला आणि ऑगस्टअखेर त्यांनी राजीनामा जाहीर केला. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही, पण ताण कायम असताना इतकी वर्षं कशी गेली, हा प्रश्न 'टेन्शनवाल्यांनी' स्वतःला विचारावा.

---

औषधवाला

बुडालेल्या गोळ्यांबद्दल लिहितो, कारण काउंटरच्या या बाजूने तेच आधी दिसतं. ताणाचा काळ म्हणजे परीक्षा, बदली, घरातलं आजारपण, लग्नकार्य. नेमक्या त्याच काळात दोन स्ट्रिपांमध्ये दहा-बारा दिवसांची फट पडते. मग फ्लेअर आला की नाव ताणाचं.

मेसालामाइन घेणाऱ्या, रेमिशनमधल्या रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २००३ चा आहे. गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के रेमिशनमध्ये टिकले, न घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. एवढा फरक पाडणारं योगासन अजून तरी कुणी दाखवलेलं नाही.

प्रत्यक्षात चुकतं ते असं:

दिवसातून तीनदा लिहिलेली गोळी दुपारी हमखास राहते. मेसालामाइनचा दिवसाचा डोस एकदम घेतला तरी परिणाम तेवढाच, हे आता पक्कं आहे. १.२ ग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळच्या चहासोबत घेतल्या की २.४ ग्रॅम झाले. डॉक्टरांना विचारून असं करून घ्या. फ्लेअरमध्ये डोस ४.८ ग्रॅमपर्यंत नेतात.

गोळी चावू नका, कुटू नका, अर्धी करू नका. काही गोळ्यांचं आवरण लहान आतड्याच्या शेवटी, पीएच ७ च्या आसपास विरघळतं. ते आधीच फोडलं तर औषध मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. शौचात रिकामं टरफल दिसलं तर घाबरायचं कारण नाही. अख्खी गोळी तशीच बाहेर पडत असेल तर डॉक्टरांना सांगा.

सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि एनिमा (गुदद्वारातून घ्यायचं पातळ औषध) लोक संकोचाने टाळतात, आणि इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. आजार फक्त गुदाशयात असेल तर १ ग्रॅमची सपोझिटरी तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा सरस. आजार डाव्या बाजूपर्यंत पसरला असेल तर गोळी अधिक एनिमा ही जोडी नुसत्या गोळीपेक्षा चांगली. ४ ग्रॅमचा एनिमा ६० मिलीचा येतो. झोपण्याआधी शौचाला जाऊन या. बाटली हातात धरून अंगाइतकी कोमट होऊ द्या, गार औषधाने लगेच कळ येते. नीट हलवा. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन झोपा, टोकाला थोडं व्हॅसलीन लावा, सावकाश दाबा. मग अर्धा तास कूस बदलू नका. पहिले काही दिवस औषध टिकत नाही, कारण सुजलेला गुदाशय ताणला जाऊ शकत नाही. दहा मिनिटं टिकलं तरी वाया गेलं असं समजू नका. आणि चौथ्या दिवशी रक्त थांबलं म्हणून एनिमा बंद करू नका. राखेखाली निखारा असतो तसा दाह आत असतोच.

सल्फासालाझीन म्हणजे 'साझो' घेणाऱ्यांनी सोबत फॉलिक अ‍ॅसिड घ्यायचं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते अजिबात चालत नाही. पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या तात्पुरती घटते. मूल हवं असेल तर डॉक्टर औषध बदलून देतात. हे ठाऊक नसल्याने घराघरांत भलताच ताण वाढतो.

अजून एक. मेसालामाइन नव्याने सुरू केल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत ताप, डोकेदुखी आणि रक्ताचे जुलाब उलट वाढले, तर ते औषधच सोसत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी 'निदान झाल्याचा धक्का बसलाय' असं म्हणत डोस वाढवत बसू नका. ताबडतोब कळवा.

---

पिंपळपान

+१. आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. मेसालामाइनचा क्वचित मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि तो लक्षणांवरून कळत नाही.

---

काळा घेवडा

'आधी तपासा' म्हणजे नेमकं काय, ते प्रयोगशाळेच्या बाजूने.

रेमिशनमधल्या यूसीवाल्यांपैकी साधारण तिघांत एकाला आयबीएससारखी (संवेदनशील आतड्याची) लक्षणं असतात. पोट गुबारतं, घाई होते, दोन-तीन वेळा जावं लागतं, पण अस्तराला सूज नसते. ताणाने ही लक्षणं हमखास वाढतात. रुग्ण म्हणतो फ्लेअर आला, काही ठिकाणी लगेच स्टेरॉइड सुरू होतं, आणि आतडं मात्र ठणठणीत असतं.

यासाठी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातल्या दाहाने वाढणारं प्रथिन) बघायचं. ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर प्रश्नच नाही. लक्षणं नसताना १५० च्या आत असेल तर सक्रिय दाह नाही असं धरता येतं, अशी अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेची २०२३ ची शिफारस आहे. लक्षणं सौम्य आणि आकडा १५० च्या वर, तर स्कोपी (नळीच्या कॅमेऱ्याने आतड्याची तपासणी) करून खात्री करणं बरं. आणि रक्त पडत असेल तर आकडा कसाही असो, डॉक्टरांना दाखवायचंच.

नमुना देताना: सकाळचं पहिलं शौच घ्या. लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळू देऊ नका; कमोडवर कागद अंथरून घेणं सोपं पडतं. त्याच दिवशी पोचवा, उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांनी आकडा वाढतो, पॅन्टोप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्यांनीही वाढू शकतो. काय चालू आहे ते फॉर्मवर लिहा. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण किट बदललं की आकडे जुळत नाहीत. रेमिशन चांगलं असतानाचा एक आकडा फाइलला लावून ठेवा. पुढे तुलनेला तोच उपयोगी पडतो.

संसर्गाचं म्हणाल तर दोन चाचण्या महत्त्वाच्या. नुकत्याच अँटिबायोटिक गोळ्या झाल्या असतील तर सी. डिफिसिल या जिवाणूच्या विषाची, म्हणजे टॉक्सिनची. आणि आपल्याकडे अमिबा. अमिबाने होणारी आतड्याची सूज आणि यूसी वरवर सारखे दिसतात, पण अमिबा असताना स्टेरॉइड दिलं तर आतडं फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. उलटही घडतं. रिपोर्टमध्ये 'सिस्ट' (अमिबाची कवचातली अवस्था) लिहून आलं की लोक अमिबावरच्या मेट्रोजिलचे कोर्सवर कोर्स करतात, आणि खरा यूसी मागे राहतो.

---

तिखटमीठ

वेदनाशामकांबद्दल खुलासा करा. मॅनिटोबाच्या २०१० च्या अभ्यासात ताणाचा संबंध दिसला पण वेदनाशामकांचा दिसला नाही, असं वाचलंय. मग 'आधी वेदनाशामकं तपासा' कशाला?

---

सूक्ष्मदर्शी

बरोबर वाचलंय. कॅनडातल्या त्या अभ्यासात वेदनाशामकं, अँटिबायोटिक्स, संसर्ग यांपैकी कशाचाच संबंध दिसला नाही, जाणवलेल्या ताणाचा दिसला. पण त्यात फ्लेअर लक्षणांवरून मोजला होता, आणि ताणाने लक्षणं दाहाशिवायही वाढतात, हे वर काळा घेवडा यांनी लिहिलंच आहे. उलट २००६ च्या एका अभ्यासात शांत आजार असलेल्यांना वेदनाशामकं देऊन पाहिलं, तर १७ ते २८ टक्क्यांत नऊ दिवसांच्या आत आजार उसळला. पॅरासिटामॉलने तसं झालं नाही. म्हणजे बहुतेकांना अधूनमधून घेतलेली गोळी सोसते, काहींना लगेच बाधते, आणि आपण कुठल्या गटात ते आधी कळत नाही. ताणाच्या दिवसांत डोकं, मान, पाठ धरतेच. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिग्रॅ हाताशी असताना जोखीम कशाला? 'कॉम्बिफ्लॅम'मध्ये पॅरासिटामॉल असलं तरी आयब्युप्रोफेनही आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

अवांतर: सिगारेट सोडल्यावर काहींचा यूसी उसळतो हे खरं आहे. तरी त्यावर सिगारेट हा उपाय नव्हे. सोडण्याआधी डॉक्टरांना सांगून ठेवा, म्हणजे औषधं नीट लावून घेता येतात.

---

पिंपळपान

आता ताणाकडे वळू या, नाहीतर धाग्याचं नाव बदलावं लागेल.

लीड्सच्या २०१८ च्या अभ्यासात रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. सुरुवातीला चिंता जास्त असलेल्यांत पुढे फ्लेअर जास्त, आणि सुरुवातीला आजार सक्रिय असलेल्यांत पुढे चिंता जास्त. रस्ता दुहेरी आहे. म्हणून 'आधी मन शांत कर' हा क्रम चुकीचा. दाह आटोक्यात आणणं हाच कित्येकदा चिंतेवरचा पहिला उपचार असतो.

काय उपयोगी पडतं, याबद्दल स्पष्ट लिहितो. कॉक्रेन या अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात प्रौढांमध्ये मानसोपचारांचा आजारावर ठोस परिणाम दिसला नाही. नंतरचे काही छोटे अभ्यास मात्र लक्ष देण्याजोगे आहेत. आतड्यावर लक्ष केंद्रित करणारी संमोहन-चिकित्सा, सात सत्रं, ५४ रुग्ण: वर्षाअखेर ६८ टक्के रेमिशनमध्ये, दुसऱ्या गटात ४० टक्के. जर्मनीत ७७ रुग्णांना बारा आठवडे, आठवड्याला दीड तास योग शिकवला. जगण्याची प्रत सुधारली. हे सगळे औषधं चालू ठेवून. गोळ्या सोडून योग, असा प्रयोग यात नाही.

घरी करण्यासारखं: श्वास चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. पोटावर हात ठेवा, हात वर आला पाहिजे, छाती नाही. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. कपालभाती आणि भस्त्रिका फ्लेअरमध्ये टाळा. दुखऱ्या पोटाला झटके देण्यात काही शहाणपण नाही.

झोप उडाली, रडू येतं, संडास जवळ नसेल तर घराबाहेरच पडवत नाही, इथवर आलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतही. मनाच्या गोळ्यांनी यूसी बिघडतो अशी भीती बाळगू नका. आयबीएससारख्या लक्षणांसाठी कमी डोसचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन तर पोटाचे डॉक्टरही देतात. फक्त एसएसआरआय (नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्या) आणि वेदनाशामकं एकत्र नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

---

औषधवाला

यात एक भर. झोप उडणं, चिडचिड, मन वरखाली होणं हा बऱ्याचदा प्रेडनिसोलोनचा, म्हणजे 'वायसोलोन'चा परिणाम असतो. गोळी सकाळी नाश्त्यानंतर एकदम घ्या, संध्याकाळी नको. नेहमीचा क्रम ४० मिग्रॅपासून सुरू करून आठवड्याला ५ मिग्रॅ उतरवण्याचा. बरं वाटलं म्हणून एकदम बंद केली तर अंगातलं संप्रेरक तयार झालेलं नसतं. चक्कर, उलट्या, रक्तदाब पडणं असं होऊ शकतं. मागच्या वेळची उरलेली वायसोलोन ताणाच्या आठवड्यात 'दोन दिवस' घेणं हा तर शुद्ध जुगार. रेमिशन टिकवायला स्टेरॉइड उपयोगी नाही. वर्षात दुसऱ्यांदा लागायची वेळ आली तर अ‍ॅझाथायोप्रिन, टोफासिटिनिब (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या) किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनचा विचार करायला डॉक्टरांना सांगा. टोफासिटिनिब आणि इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी टीबीची तपासणी लागते. अ‍ॅझाथायोप्रिनच्या सुरुवातीच्या आठवड्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वरचेवर लागतो, कारण भारतीयांत एनयूडीटी१५ या जनुकातला फरक आढळतो आणि पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरू शकतात.

---

आंबेमोहर

हळद, कुडा, इसबगोल यांचं काय? घरोघरी तेच चालतं.

---

सूक्ष्मदर्शी

इसबगोलचा पुरावा चांगला आहे. १९९९ च्या स्पॅनिश अभ्यासात रेमिशनमधल्या रुग्णांना इसबगोलाच्या बिया १० ग्रॅम दोनदा दिल्या, तर रेमिशन टिकवण्यात त्या मेसालामाइनच्या जवळपास आल्या. पण हे रेमिशनमध्ये, जोडीला, आणि भरपूर पाण्यासोबत. रक्त पडत असताना नको.

हळदीतलं कर्क्युमिन दिवसाला २ ते ३ ग्रॅम मेसालामाइनच्या जोडीला दिलेले अभ्यास आहेत आणि परिणाम बरे आहेत. मात्र हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के. तेवढं मिळवायला रोज ७०-१०० ग्रॅम हळद खावी लागेल, तेव्हा दूध-हळद चवीपुरती समजा. कॅप्सूल घेणार असाल तर डॉक्टरांना सांगून. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कुड्याने जुलाब बांधले जातात. पण शौचाची संख्या घटली म्हणजे सूज उतरली असं नाही. जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडचं तेच, आणि जोरदार फ्लेअरमध्ये तर ते धोक्याचं, आतडं फुगून बसू शकतं.

फ्लेअरमध्ये मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, केळं, अंडं. मिरची, कच्च्या कोशिंबिरी आणि उपासाचे शेंगदाणे नंतर. पाणी कमी पडू देऊ नका: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

---

काळा घेवडा

वर लिहायचं राहिलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच आणि त्यासोबत यांतलं एक जरी असेल: नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सियसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या वर. तर घरी थांबू नका, भरती व्हा. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये हे निकष दिले, अजून तेच वापरतात. पोट फुगून टणक झालं तर संख्या मोजत बसू नका. नाडी 'टेन्शनमुळे' वाढली असेल असं म्हणून सोडूनही देऊ नका; शांत पडून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा.

---

आंबेमोहर

धन्यवाद. शेवटचा प्रश्न: विरारहून चर्चगेटला रोज लोकलने जाणाऱ्यांनी काय करावं? रेमिशनमध्येही फक्त 'गाडीत संडास नाही' या विचाराने कळ येते.

---

पिंपळपान

ती कळ खरी असते. ताणाने मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि सकाळी चहा-नाश्त्यानंतर ती तशीही जास्तच असते. उठणं चाळीस मिनिटं अलीकडे आणा. चहा आणि नाश्ता आधी, मग वीसेक मिनिटं संडासासाठी राखीव, मग निघणं. चहा स्टेशनवर घेऊ नका. फास्टऐवजी स्लो गाडी पकडली तर दर काही मिनिटांनी उतरायची सोय राहते; अंधेरी, दादरसारख्या स्टेशनांवर संडास कुठल्या फलाटावर आहे ते सुट्टीच्या दिवशी बघून ठेवा. पिशवीत एक जोडी अंतर्वस्त्र, ओले टिश्यू, झिपची पिशवी, एक पॅड आणि दोन दिवसांच्या गोळ्या. ऑफिसात एचआरला आजाराचं नाव सांगायचं नसेल तर डॉक्टरांकडून 'संडासजवळची जागा आणि मधल्या सुट्टीची मुभा द्यावी' एवढंच पत्र घ्या.

आणि महिनाभर कॅलप्रोटेक्टिन १५० च्या आत असूनही कळ थांबली नाही, तर अ‍ॅमिट्रिप्टिलिनबद्दल विचारा. मेसालामाइनचा डोस वाढवून ती कळ जाणार नाही.